फुकट, मोफत आणि मुक्त

घरातला कॉम्प्युटर हँग झाला, प्रिंटर चालेना, आईचं नेटबँकिंग उघडेना, की हाक कोणाला जाते? तुम्हालाच! तुम्ही कॉमर्सला असा नाहीतर मायक्रोबायोलॉजीला, ‘तुला कळतं ना त्यातलं’ या एका वाक्यावर घरच्या कॉम्प्युटरचं खातं तुमच्याकडे आलेलं असतं. मंत्रिपद बिनपगारी, पण जबाबदारी मोठी. त्या मशीनवर बाबांचं इन्कम टॅक्स रिटर्न असतं, ताईच्या लग्नाचे फोटो असतात, सगळ्यांची आधार आणि पॅन कार्डं स्कॅन करून ठेवलेली असतात. आणि बऱ्याच घरांत त्याच मशीनवर एखादं ‘क्रॅक’ केलेलं सॉफ्टवेअरही असतं. ते बहुतेक वेळा तुम्हीच टाकलेलं असतं.

म्हणून कॉम्प्युटर स्वच्छ आणि सुरक्षित कसा ठेवायचा, हे सांगण्याआधी तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलायला हवं. त्यासाठी लागणारी जवळपास सगळी हत्यारं एक रुपयाही न देता मिळतात. अडचण अशी, की ‘पैसे पडत नाहीत’ एवढीच खूण बघून आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो.

इंग्रजीत या तिन्हींना ‘फ्री’ हा एकच शब्द. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला. माझं ‘फ्री’ किमतीबद्दल नाही, स्वातंत्र्याबद्दल आहे, हे त्यांना पुढे आयुष्यभर समजावून सांगावं लागलं. मराठीत हा घोळ घालायचं कारणच नाही. फुकट, मोफत आणि मुक्त असे तीन शब्द आपल्याकडे तयार आहेत. ते असे वाटून घेऊ: कुलूप तोडून आणलेलं ते फुकट. कंपनीने स्वतःच्या हिशेबाने, पैसे न घेता दिलेलं ते मोफत. आणि ज्याचा सोर्स कोड खुला आहे, जे कोणालाही तपासता, बदलता आणि वाटता येतं, ते मुक्त. कॉम्प्युटरची निम्मी सुरक्षा हा फरक ओळखण्यात आहे.

क्रॅकचं बिल कोण भरतं?

क्रॅक टाकण्याची कृती आठवा. कुठल्याशा साइटवरून झिप फाइल उतरवायची, सोबत दिलेला पासवर्ड टाकून ती उघडायची आणि त्याआधी अँटिव्हायरस बंद करायचा. चोराने निरोप पाठवावा, ‘रात्री येतोय, कुत्रा बांधून ठेवा’ आणि आपण तो खरंच बांधून ठेवावा, असा हा प्रकार. झिपला पासवर्ड कशाला असतो, याचा कधी विचार केलाय? आत काय आहे ते अँटिव्हायरसला उघडून बघता येऊ नये म्हणून!

आत काय असू शकतं, याची दोन उदाहरणं पुरेत. ‘स्टॉप’ नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं ते मुख्यतः क्रॅक आणि की-जनरेटरमधून. त्याने मोठ्या कंपन्यांपेक्षा साध्या घरगुती कॉम्प्युटरवरच्या फाइल्सना कुलूप लावलं आणि किल्लीसाठी पैसे मागितले. २०१९ मध्ये एमसिसॉफ्ट कंपनीने त्याच्या बऱ्याच प्रकारांसाठी मोफत किल्ली काढली, पण नंतरच्या प्रकारांत अडकलेल्या अनेकांच्या फाइल्स सुटल्याच नाहीत. दुसरं उदाहरण ‘लुमा’चं. हा गाजावाजा न करणारा चोर. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज उचलून तो पसार होतो. त्याच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक होती क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या तपास यंत्रणांनी त्याचं जाळं तोडलं. त्याआधीच्या दोनच महिन्यांत त्याची लागण झालेले ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटर आढळले होते.

आता हिशेब मांडा. व्हिडिओ एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर तुम्हाला फुकट मिळालं. पण पासवर्ड गेला तो बाबांच्या मेलचा, ज्या मेलवर बँकेची पत्रं येतात. म्हणजे क्रॅक तुमचं आणि बिल घरच्यांचं. कायद्याची बाजू वेगळीच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हाही गुन्हा आहे.

मोफतलाही अटी असतात

मग मोफत मिळतंय ते सगळं डोळे मिटून घ्यावं? तसंही नाही. अव्हास्ट हा जगभर वापरला जाणारा मोफत अँटिव्हायरस. लोक इंटरनेटवर काय काय बघतात, याची माहिती त्याची एक उपकंपनी विकत होती, हे २०२० च्या सुरुवातीला बाहेर आलं. ती कंपनी बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणदारच घरातल्या गोष्टी बाहेर सांगत होता म्हणायचं!

‘सीक्लीनर’ची गोष्ट तर साफसफाईचं वेड असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. कॉम्प्युटर स्लो झाला, की सीक्लीनर टाक, हा सल्ला कित्येक वर्षं डोळे झाकून दिला जायचा. २०१७ मध्ये हल्लेखोरांनी थेट कंपनीच्याच यंत्रणेत शिरून त्याच्या एका व्हर्जनमध्ये मालवेअर घातलं. ते कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच २० लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर पोचलं. यातून घ्यायचा धडा सोपा आहे. प्रत्येक नवं सॉफ्टवेअर म्हणजे घराला एक नवं दार. साफसफाईच्या नावाखाली दहा दारं वाढवू नका.

खरं तर सफाईसाठी फारसं काही लागतच नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’मध्ये जा, टेम्पररी फाइल्स तिथूनच जातात. टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’च्या यादीत बघा, कॉम्प्युटर सुरू होताच कोण कोण रांगेत उभं राहतंय आणि नको ते बंद करा. वर्षभर न वापरलेले प्रोग्राम अनइन्स्टॉल करा. यापुढे जाऊन कोपरे झाडायचेच असतील, तर ‘ब्लीचबिट’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ‘रजिस्ट्री क्लीनर’ आणि ‘स्पीड बूस्टर’ मात्र लांबच ठेवा. ‘तुमच्या पीसीत १,२४३ चुका सापडल्या’ असं ओरडणारी खिडकी म्हणजे गल्लीत येऊन हात बघणारा ज्योतिषी. आधी घाबरवणार, मग शांतीचे पैसे मागणार.

पहारा, कुलूप आणि दुसरी प्रत

पहाऱ्यासाठी विंडोजमध्ये मुळातच असलेला डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे. फक्त तो चालू आहे ना आणि अपडेट होतोय ना, ते बघा. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्या पायांत येतात. शंका आलीच, तर मालवेअरबाइट्सच्या मोफत व्हर्जनने एकदा स्कॅन करा. एखाद्या उतरवलेल्या फाइलबद्दल खात्री नसेल, तर ‘व्हायरसटोटल’ ती एकाच वेळी डझनावारी अँटिव्हायरसकडून तपासून देतं. पण तिथे आधार कार्ड किंवा मार्कशीट टाकू नका, कारण तिथे दिलेल्या फाइल्स इतरांपर्यंत पोचतात. पैसे देऊन चांगला अँटिव्हायरस घेतलात तरी हरकत नाही. पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्या त्यावरच उभ्या आहेत. फक्त घ्यायचा तर लायसन्ससकट घ्या. क्रॅक केलेला अँटिव्हायरस यासारखा विनोद नाही!

आपल्या सरकारचंही एक दुकान आहे आणि ते फार कमी जणांना माहीत आहे. सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केलं. तिथे बॉट काढून टाकणारी टूल्स मोफत मिळतात. ‘यूएसबी प्रतिरोध’ हे पेन ड्राइव्हवर लक्ष ठेवणारं टूलही याच केंद्राने दिलं. जर्नलची प्रिंट काढायला झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरला लावलेला पेन ड्राइव्ह घरी काय घेऊन येतो, हे ज्याने एकदा भोगलंय त्याला त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

ब्राउझरमध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ टाका. हे मुक्त एक्स्टेन्शन जाहिराती अडवतं आणि जाहिरातींच्या आडून येणारी खोटी ‘डाउनलोड’ बटणंही. फायरफॉक्समध्ये ते पूर्ण ताकदीने चालतं, क्रोममध्ये आता त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते. सॉफ्टवेअर उतरवताना सर्चमधल्या सगळ्यात वरच्या, जाहिरातीच्या लिंकवर क्लिक करू नका. व्हीएलसी आणि सेव्हन-झिपच्या नावाने तिथे खोटी दुकानं थाटली गेली आहेत.

कुलपाचं म्हणाल, तर घरात सगळ्या खात्यांना एकच पासवर्ड आणि तो डायरीच्या शेवटच्या पानावर, हे चित्र बदला. ‘बिटवॉर्डन’ आणि ‘कीपासएक्ससी’ हे दोन्ही पासवर्ड मॅनेजर मुक्त आहेत. पहिला मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्हींवर आपोआप जुळवून घेतो, दुसरा सगळं तुमच्याच मशीनवर ठेवतो. आणि बॅकअप! त्याला तर कुठलंही खास सॉफ्टवेअर नको. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर महिन्यातून एकदा कॉपी करा आणि मग ती डिस्क काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलीत, तर रॅन्समवेअर तिच्यावरही कुलूप मारतं. एवढं करूनही फाइल्स अडकल्याच, तर लगेच पैसे पाठवू नका. ‘नो मोअर रॅन्सम’ या युरोपोल आणि इतरांच्या उपक्रमाकडे सुटका करणाऱ्या किल्ल्या मोफत मिळतात. तुमच्या कुलपाची किल्ली तिथे आहे का, ते आधी बघा.

सगळ्यात दुर्लक्षित संरक्षण म्हणजे अपडेट. ‘वॉनाक्राय’ने मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घातला, पण ते भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. त्याच भगदाडातून जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ आला आणि त्याच्या तडाख्यात आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. क्रॅक केलेलं विंडोज असलं, की अनेक जण ‘पकडले जाऊ’ या भीतीने अपडेटच बंद ठेवतात. मग भगदाड कायम उघडं. फॉरमॅट मारून देणाऱ्या दुकानदाराने तुमच्याकडे कुठलं विंडोज टाकलंय, तेही सेटिंग्जमधल्या ‘ॲक्टिव्हेशन’मध्ये बघून घ्या. विंडोज १० वर असाल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. जुनं मशीन विंडोज ११ ला चालत नसेल, तर ते भंगारात काढायची घाई नको. ‘लिनक्स मिंट’ पेन ड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता चालवून बघा. ब्राउझर, मेल आणि लिब्रेऑफिस यांवर बहुतेक घरांचं काम भागतं.

कॉलेजांनाही विचारा

तुमचा प्रश्न ऐकू येतोय. ‘हे सगळं ठीक, पण सरांनी असाइनमेंट त्याच सॉफ्टवेअरमध्ये मागितली तर?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एकट्या विद्यार्थ्याने द्यायचं नाही. हजारो रुपयांचं सॉफ्टवेअर घरी वापरायला सांगायचं आणि ते कुठून आणलं याकडे काणाडोळा करायचा, हा शिष्टाचार कॉलेजांनीच मोडायला हवा. वाटा आहेत. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड मोफत देतं. मॅटलॅबसारखं काम ऑक्टेव्हमध्ये होतं, फोटोशॉपचं बरंचसं जिंप आणि क्रितामध्ये, व्हिडिओ एडिटिंग केडनलाइव्हमध्ये. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर आणण्यासाठीच काम करतो, आणि तिथेच सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे चक्क मराठीत आहेत. तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला हात वर करून विचारा, ‘सर, याचं लायसन्स कॉलेज देणार की आम्ही मुक्त पर्याय वापरू?’ वर्गातल्या दहा जणांनी विचारलं, तर उत्तर द्यावंच लागेल.

तोवर या रविवारी दोन तास काढा. पहिल्या तासात क्रॅक केलेलं सगळं काढून टाका, डिफेंडरने पूर्ण स्कॅन करा, अपडेट चालू करा. स्कॅनमध्ये काही सापडलं, तर सगळे महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला. दुसऱ्या तासात बॅकअप घ्या आणि आईबाबांना शेजारी बसवून पासवर्ड मॅनेजर शिकवा. जाता जाता १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. पैसे गेल्यावर तो शोधत बसायला वेळ नसतो.