पंगत पहिली की दुसरी?

गेल्या मार्गशीर्षात आमचे सारे बिऱ्हाड, लहानथोर मिळून दहा माणसे, मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या प्रवासी जहाजावर तीन रात्री राहून आले. ‘समुद्रावरून गोव्यास’ म्हटले की आमच्या पिढीतील मंडळींस कोकणची आगबोट, तिच्या तक्तपोशीवर अंथरलेली सतरंजी आणि दशम्यांचे गाठोडे, एवढेच आठवते. परंतु तो काळ मागे पडला. 2018 च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ हे जहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाले. पुढे 2021 च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ मुंबई बंदरातून निघू लागले. हे 1990 साली बांधलेले जहाज पूर्वी अमेरिकेकडे फिरत असे. आता आमच्या पिंप्राळ्यासारख्या गावातूनही मंडळी जळगावास गाडीत बसून जहाज गाठू लागली आहेत. यास्तव जहाजावरील भोजन आणि रात्रीचा रंजनाचा कार्यक्रम यांच्या जागा कशा राखून ठेवाव्यात, हे चार शब्दांत सांगितले तर वाचकांस उपयोगी पडेल, असे वाटते. आमच्या हातून जी चूक झाली तीही सांगतो. ती सर्वस्वी आमचीच होती. जहाजवाल्यांकडे तिचा लेशही जात नाही.

मोठ्या जहाजावर उतारू दीड-दोन हजार असतात. भोजनगृहात एका वेळी त्यांतील साधारण निम्मे बसतात. नाट्यगृहाचीही तीच गत. तेव्हा उतारूंचे दोन भाग करून एकास आधी जेवू घालावयाचे व दुसऱ्यास आधी खेळ दाखवावयाचा, मग अदलाबदल करावयाची, अशी ही योजना आहे. अमेरिकन जहाजांवर पहिली पंगत सायंकाळी सहाच्या सुमारास आणि दुसरी सव्वाआठ-साडेआठास बसते. आपल्याकडील बेत साहजिकच उशिराचा असतो. पहिल्या पंगतीचे लोक जेवून उत्तरखेळास जातात, आणि दुसऱ्या पंगतीचे लोक पूर्वखेळ पाहून जेवावयास येतात. लग्नघरी शंभर पाने मांडावयाची जागा आणि तीनशे पाहुणे, अशी स्थिती ज्याने निभावली आहे त्यास यात नवे काहीच दिसणार नाही.

पंगतीची निवड तिकिटे काढतानाच करावी लागते. एकदा नेमून मिळालेला मेजाचा क्रमांक सबंध प्रवासभर तोच राहतो, आणि वाढपीही बहुधा तोच असतो. ही पद्धत कित्येकांस काचू लागली, म्हणून 2000 साली नॉर्वेजियन नामक कंपनीने ‘यावे तेव्हा जेवावे’ असा नवा प्रघात पाडला आणि इतरांनीही तो थोडाबहुत उचलला. तरीही मोठ्या कुटुंबाने नेमलेली पंगतच घ्यावी, असे माझे मत आहे. दहा जणांची एकत्र जागा आयत्या वेळी रिकामी मिळणे कठीण. कांदा-लसूण वर्ज्य असल्यास तेही तिकिटाच्या वेळीच लेखी कळवावे. आमच्या आक्कांचे (माझी वडील बहीण) कळविले होते, आणि तीन्ही रात्री त्यांचे पान वेगळे आले.

नाट्यगृहातील जागांचा प्रकार निराळा आहे. आपल्याकडे नाटकास जावयाचे म्हणजे खिडकीशी जाऊन ‘प्लॅन’ पाहावयाचा आणि बोट ठेवून खुर्ची मागावयाची. बालगंधर्वांनी बालपणी जेथे मेहबूबखाँकडे गाण्याचे धडे घेतले त्या जळगावच्या लोकांस हे सांगणे नकोच. पुष्कळशा जहाजांवर मात्र खुर्चीस क्रमांक नसतो. जो आधी येईल तो पुढे बसेल. अर्ध्या तासापूर्वी जावे. उपरणे टाकून पाच-पाच खुर्च्या अडविण्याची विद्या तेथेही चालते, आणि ती केवळ आपल्याच लोकांस अवगत आहे असे नाही, एवढे मी डोळ्यांनी पाहिले. अगदी मोठ्या जहाजांवर खेळाचीही जागा निघण्यापूर्वी राखून ठेवावी लागते. पण आरंभापूर्वी काही मिनिटे तुम्ही पोहोचला नाहीत तर ती दुसऱ्यास देतात.

जेवता जेवता खेळ पाहावयाचा, असाही एक तिसरा प्रकार आहे. त्याचे लहान रूप पणजीस सांता मोनिका जेट्टीवरून संध्याकाळी सुटणाऱ्या होड्यांवर पाहावयास मिळते. मांडवीच्या पात्रात देखणी आणि फुगडी चालू असते आणि काही फेऱ्यांत जेवणही असते. मोठे रूप 2010 साली निघालेल्या ‘नॉर्वेजियन एपिक’ जहाजावर होते. तेथे तंबूसारख्या गोल दालनात भोजन चाले आणि मधोमध कसरतपटूंचे खेळ होत. त्यास निराळे शुल्क पडे, आणि रंगमंचाजवळच्या मेजास दूरच्यापेक्षा अधिक. एकाच पंक्तीत बसलेल्यांस वाढण्यात भेद करणे यास आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात आणि तो दोष मानला आहे. येथे तर दोषाचेच दरपत्रक छापलेले!

परंतु हे लिहिता लिहिता माझी लेखणी अडखळली, आणि त्याचे कारण आमची ती चूक.

थोरल्या चिरंजीवाने आपली चौघे, आम्ही उभयता आणि आक्का, अशा सातांची तिकिटे काढली. धाकट्याने आपल्या तिघांची निराळी काढली. दोन्ही नोंदी एकमेकींस जोडून द्यावयाच्या असतात, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. जहाजावर चढून पत्रिका हाती घेतो तो सातांना पहिली पंगत आणि तिघांना दुसरी! मुले हिरमुसली. तेव्हा आमच्या घरातून अगदी सहजपणे उद्गार निघाले, “त्यात काय मोठेसे? तुम्ही पुरुषमाणसे आणि मुले पहिल्या पंगतीला बसा. मी, आक्का आणि सुना दुसरीला बसू. नेहमीचेच तर आहे.”

ती रागाने बोलली असती तर मी काही उत्तर दिले असते. ती रागावलेली नव्हतीच. घरी आमचे मेज सहा खुर्च्यांचे आहे. मी, दोघे मुलगे आणि तीन नातवंडे, असे सहा होतात. नंतर त्या चौघी बसतात. मी बेचाळीस वर्षे मुलांना संस्कृत शिकविले, पंक्तिप्रपंचाचा अर्थ फळ्यावर लिहून सांगितला. आणि आपल्या पत्नीच्या शेजारी बसून आपण शेवटी केव्हा जेवलो हे आठवू लागलो, तो मला लग्नातल्या घासापर्यंत मागे जावे लागले.

मी तसाच उठलो आणि भोजनगृहाच्या मुख्याकडे गेलो. वाचकांनीही हेच करावे: बदल हवा असल्यास पहिल्याच दुपारी, पाने मांडली जाण्यापूर्वी, दोन्ही पत्रिका घेऊन समक्ष जावे. त्याने यादी चाळली आणि दुसऱ्या पंगतीत दहांचे एक गोल मेज काढून दिले. रात्री नऊ वाजता जेवणे माझ्या प्रकृतीस मानवत नाही. पण ते मी बोललो नाही.

पहिल्या रात्री खेळ पाहून आम्ही दहाही जण त्या मेजाशी बसलो. ती माझ्या उजव्या हातास होती. पहिला पदार्थ येताच तिने नातवाच्या पानाकडे पाहिले आणि पळी घ्यावयास अर्धवट उठली. वाढप्याने नम्रपणे हात जोडले, “आजी, बसा. हे माझे काम.” ती बसली, पण थोड्या वेळाने पुन्हा उठली. तिसऱ्या रात्री मात्र उठली नाही. थोरली सून हळूच म्हणाली, “अण्णा, सासूबाईंना गरम पोळी आवडते हे मला आज कळले.” मला तरी कोठे ठाऊक होते?

घरी परतल्यावर मी सुतारास बोलावून मेजाचे माप दिले. जुन्या मेजास दोन्ही बाजूंनी फळ्या जोडता येतील आणि चार खुर्च्या नव्या कराव्या लागतील, असे तो म्हणाला. लाकूड सागवानीच घ्यावे असा माझा हट्ट, म्हणून उशीर झाला. संक्रांतीचा वायदा होता, आता तो होळीचा सांगतो. तोवर आमच्या येथे सतरंज्या घालून खाली दहा पाने मांडतात. आक्कांचे गुडघे दुखतात, त्यांना तेवढी मेजापैकी एक खुर्ची दिली आहे.