हरवलेले यान आणि आपण

‘अंतराळयाने हा शास्त्रवाल्यांचा प्रांत, आपण कलाशाखेच्या मंडळींनी त्यात नाक खुपसू नये,’ असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. मला ते मुळीच पटत नाही. अमेरिकेच्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’चेच पाहा ना! ११ डिसेंबर १९९८ रोजी निघालेले हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाआड गेले, ते पुन्हा दिसलेच नाही. यानातले यंत्र बिघडले नव्हते. लॉकहीड मार्टिन कंपनीच्या संगणकप्रणालीतून छोट्या इंजिनांच्या रेट्याचे आकडे येत ते पौंड-सेकंदांत; पॅसाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत ते न्यूटन-सेकंद समजून वाचले गेले. फरक सुमारे साडेचार पटींचा! मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचे यान ५७ किलोमीटरपर्यंत खाली आले.

पण माझा रोख मापांवर नाही. मार्ग आखणाऱ्यांपैकी काहींना आधीच शंका आली होती. ती ठरलेल्या रीतीने नोंदली गेली नाही, असे चौकशीत आढळले. दोन गटांनी एकमेकांना काय, कोणत्या रूपात द्यायचे हे ठरवणे आणि तपासत राहणे, हा ‘सिस्टिम्स इंजिनिअरिंग’चा गाभा. मला तर ते निम्मे भाषांतराचेच काम वाटते. (भाषांतराच्या तासाला पेंगणाऱ्यांनी नोंद घ्यावी!) ‘तुम्ही लिहिले ते यांना त्याच अर्थाने कळले का?’ एवढे विचारायला गणिताची पदवी लागत नाही. नोव्हेंबर १९९९ चा तो चौकशी अहवाल आपल्या ग्रंथालयात ठेवावा, आणि तर्कशास्त्राच्या तासाला एकदा तरी वाचावा, अशी प्राध्यापकांना माझी विनंती आहे.