पडद्यामागचा आवाज



मेहकरजवळच्या एका गावातून आठवीतल्या मुलाचं पत्र आलंय. वर्गात वाचायला उभं केलं की त्याचं पहिलंच अक्षर अडतं आणि मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते. ‘उत्तर येत असूनही मी हात वर करत नाही,’ असं तो लिहितो. पत्र वाचलं आणि ठरवलं, आज शरद केळकरांची गोष्ट सांगायची.

‘बाहुबली’ तुम्ही हिंदीत पाहिला असेलच. पहिला भाग २०१५ चा, दुसरा २०१७ चा. पडद्यावर दिसतो तो प्रभास. पण हिंदीत ऐकू येतो तो खर्जातला, भारदस्त आवाज आहे केळकरांचा! ग्वाल्हेरच्या मराठी घरात ते वाढले. आणि लहानपणी, बरं का, ते चक्क अडखळत बोलायचे. अभिनय करायला मुंबईत आले, तरी अडखळणं पाठ सोडेना. श्वास आणि शब्द यांचा मेळ बसवायला त्यांनी खूप मेहनत घेतली. २००५ साली सुरू झालेल्या ‘सात फेरे’ मालिकेमुळे ते घरोघरी पोहोचले.

दुसऱ्याच्या तोंडी आपला आवाज घालायचा, म्हणजे डबिंग करायचं, हे काम सोपं नाही हं. आरशासमोर उभे राहा आणि म्हणा ‘आई’. आता म्हणा ‘बाबा’. पाहिलंत? ‘आई’ म्हणताना ओठ मिटतच नाहीत, ‘बाबा’ला दोनदा मिटतात. प, फ, ब, भ, म या अक्षरांची हीच गंमत. नटाचे ओठ मिटलेले दिसतात तिथे हिंदी संवादातही असंच अक्षर आलं तर बरं, नाहीतर बघणाऱ्याला खटकतं. शिवाय राग, धाप, हुंदका हेही त्याच क्षणी यायला हवं. कलाकार कानाला हेडफोन लावून पडद्याकडे बघत बोलतो. जमलं नाही की पुन्हा. तिथे पुन्हा बोलायला लागलं म्हणून कुणी हसत नाही!

खर्जाचं म्हणाल, तर आपल्या गळ्यात स्वरतंतू असतात. ते लांब आणि जाड असले की सावकाश कंप पावतात आणि आवाज खालचा येतो. तेरा-चौदाव्या वर्षी मुलांचे स्वरतंतू झपाट्याने वाढतात, म्हणून तर आवाज फुटतो. दादाच्या घोगऱ्या आवाजाला हसणाऱ्या धाकट्यांनो, तुमचीही पाळी येणारच आहे.

२०२० च्या जानेवारीत ‘तान्हाजी’ आला. त्यात केळकरच शिवाजी महाराज झाले होते, स्वतःच्याच आवाजात. चित्रपट लागला १० तारखेला. दोनच दिवसांनी तुमच्या जिल्ह्यात, सिंदखेड राजाला, जिजाऊंची जयंती होती.

आईबाबा, तुमच्यासाठी दोन शब्द. मूल अडखळलं की ‘नीट बोल’ म्हणून दटावू नका, त्याचं वाक्यही तुम्ही पुरं करू नका. थांबा, ऐका. गरज वाटली तर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा.

आणि पत्रलेखक मित्रा, अडखळणारी माणसं गाताना सहसा अडखळत नाहीत. सगळ्यांबरोबर एका सुरात वाचतानाही बहुधा नाही. सरांना विचार, एखादी कविता आधी साऱ्या वर्गाने मिळून म्हणायची का? काय झालं ते मला नक्की कळव. मी वाट पाहतोय.