संगणकाला आज्ञा कोण देणार?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले की, २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार शिकवला जाईल. सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणण्याची भाषा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात होतीच. आता त्यापुढचा सूर ऐकू येतो आहे : प्रोग्रॅमिंग शिकवायला शिक्षक मिळत नाहीत ना, मग एआयच शिकवील! ज्यांची मुले जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळांत आणि आश्रमशाळांत शिकतात, त्यांनी टाळ्या वाजवण्याआधी काही प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न साधा आहे. संगणक कुठे आहे? ‘यूडायस प्लस’च्या २०२४-२५ च्या अहवालानुसार देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची सोय आहे आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. म्हणजे तीनातल्या एका शाळेत संगणकच नाही. ही तिसरी शाळा कोणाच्या मुलांची, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. यंत्र मुलाला शिकवते, की मुलाचे काम स्वतःच उरकून टाकते? तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेला गणिताचा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना साधा चॅटबॉट दिला, त्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुले यंत्राविना शिकलेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. ज्या गटाला थेट उत्तर न देता केवळ इशारे देणारे यंत्र मिळाले, त्याचे असे नुकसान झाले नाही. हार्वर्ड विद्यापीठाने २०२३ पासून आपल्या संगणक अभ्यासक्रमात असेच यंत्र ठेवले आहे. ते विद्यार्थ्याला तयार प्रोग्रॅम देत नाही, विचाराची वाट दाखवते. म्हणजे दोष यंत्राचा नाही. ते कसे बांधले आणि कोणाच्या देखरेखीखाली दिले, यावर सारे अवलंबून आहे. हार्वर्डच्या मुलाला विचार करायला लावणारे यंत्र आणि आमच्या मुलाला आयते उत्तर देणारे यंत्र, अशी वाटणी आम्हाला मान्य नाही.

आयत्या उत्तराने काय बिघडते? समजा, विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीची पात्रता तपासणारा प्रोग्रॅम मागितला. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. यंत्राने अट लिहिली, ‘उत्पन्न अडीच लाखांपेक्षा कमी’. नियम मात्र म्हणतो, ‘अडीच लाख किंवा त्याहून कमी’. प्रोग्रॅम सुरळीत चालतो, कुठेही चूक दिसत नाही. पण ज्याचे उत्पन्न बरोबर अडीच लाख आहे, तो पोरगा यादीतून बाद होतो. ओळ न् ओळ वाचायला शिकलेल्यालाच हा अन्याय दिसेल. शिष्यवृत्तीपासून रेशनपर्यंत आपले हक्क आता अशाच ओळींतून जातात. त्या ओळी आमच्या मुलांना वाचता आल्या पाहिजेत आणि लिहिताही आल्या पाहिजेत.

कोणी म्हणेल, मूल चूक पकडीलच. आमच्या वकिली व्यवसायातले उदाहरण पाहा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे दाखल केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते! न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. मुरलेले वकील फसतात, तिथे बारा वर्षांच्या मुलाने एकट्याने काय करावे? म्हणून शिक्षक हवा. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. त्याच निवेदनात त्यांनी प्रशिक्षित शिक्षक मागितले, आणि तेही कष्टकरी शेतकरी वर्गातून आलेले. मुलाचे घर आणि मुलाची भाषा जाणणारा माणूस वर्गात हवा, ही ती मागणी होती. यंत्र हे शिक्षकाच्या हातातले साधन ठरू शकते. शिक्षक भरती टाळण्याची पळवाट म्हणून ते आले, तर त्याला विरोधच केला पाहिजे.

कायद्याची बाजूही आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१अ आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्काशी जोडला. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आणि मुलांवर पाळत ठेवण्यास मनाई केली. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे आणि नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी शैक्षणिक संस्थांना शैक्षणिक कामापुरती सवलत दिली आहे. त्या सवलतीच्या आडून आमच्या मुलांच्या चुका, प्रश्न आणि आवाज कंपन्यांच्या गोदामात जाता कामा नयेत.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी : आधी प्रत्येक शाळेत संगणक आणि वीज, प्रत्येक केंद्रात प्रशिक्षित संगणक शिक्षक, मराठीतून इशारे देणारे आणि उत्तर राखून ठेवणारे साधन, आणि माहितीच्या वापराचा लेखी करार पालकांसमोर. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक बसतात. पुढच्या बैठकीत हे मुद्दे इतिवृत्तात नोंदवून घ्या. शतकानुशतके आज्ञा पाळण्याचे काम आमच्या वाट्याला आले. संगणकाला आज्ञा देण्याची विद्या तरी अर्धवट हाती घेऊ नका.