सहीचा अखत्यार

शासनाच्या संगणकीय सेवांची चर्चा निघाली की अलीकडे एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. खात्याची संगणकव्यवस्था, तिच्यावरील खर्च आणि तिच्यात साठविलेल्या माहितीची सुरक्षितता या तिन्हींचा जो प्रमुख, त्या मुख्य माहिती अधिकाऱ्याचे पद आता कालबाह्य झाले आहे. यंत्रे खरीदण्यात, ठेके देण्यात आणि निविदांच्या अटी रचण्यात ज्यांची हयात गेली त्यांच्या हाती नागरिकांच्या सेवा सोपविल्यामुळेच त्या बोजड आणि महाग झाल्या. सबब हे पद मोडीत काढावे आणि निष्णात तंत्रज्ञांची लहान, चपळ पथके नेमून त्यांच्याकडे कारभार द्यावा, असा हा पूर्वपक्ष आहे.

हा पक्ष पोकळ नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. ब्रिटनमध्ये 2011 साली गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस ही संस्था स्थापन झाली, ऑक्टोबर 2012 मध्ये तिने गव्ह-डॉट-यूके हे स्थळ खुले करून विखुरलेली शासकीय संकेतस्थळे एका छत्राखाली आणण्यास आरंभ केला, आणि सरकारी मजकूर इतक्या सरळ भाषेत लिहिता येतो याचा वस्तुपाठ इतर देशांना घालून दिला. त्याच सुमारास तेथील मध्यवर्ती मुख्य माहिती अधिकाऱ्याचे पदही रद्द झाले. यावरून पथक आले आणि पद अनावश्यक ठरले असा निष्कर्ष काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु नागरिकाला माहिती पुरविणारे पान आणि नागरिकाचा हक्क ठरवून त्याच्या खात्यात पैसे जमा करणारी व्यवस्था, यांची जातकुळीच वेगळी आहे. पानावरील चूक सायंकाळपर्यंत दुरुस्त होते. दुसऱ्या प्रकारच्या व्यवस्थेत कायदा, तिजोरी, जुनी दफ्तरे आणि चार खात्यांचे अधिकार एकमेकांत गुंतलेले असतात, आणि तेथे चूक झाली तर ती कोणाच्या हातून झाली हे शोधण्यातच हंगाम निघून जातो.

याचा प्रत्यय ब्रिटनलाच आला. युरोपीय संघाच्या कृषिधोरणाखाली इंग्लंडमधील शेतकऱ्यांना द्यावयाच्या अनुदानासाठी नव्या पद्धतीने व्यवस्था उभारण्यात येत होती. शेताच्या तुकड्यांचे नकाशे पडद्यावर पाहून शेतकऱ्याने हद्दी दुरुस्त कराव्यात, अशी तीत योजना होती. तो नकाशाचा भागच चालेना, आणि मार्च 2015 मध्ये, अर्ज भरण्याचा काळ सुरू असतानाच, शेतकऱ्यांना पुन्हा कागदी अर्जांकडे वळावे लागले. अंदाजित खर्च 15 कोटी 50 लाख पौंडांवरून 21 कोटी 50 लाखांवर गेला. त्या वर्षाच्या अखेरीस तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जो अहवाल दिला त्यात नेतृत्वातील वारंवार बदलांवर, तसेच खाते, अनुदान-यंत्रणा आणि गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस यांना परस्परांशी जुळवून काम करता आले नाही यावर बोट ठेवले होते. कौशल्याची उणीव तेथे मुख्य नव्हती. तिघेही कर्ते होते, आणि तिघांच्या वर ‘हे असे होईल, हे होणार नाही’ असे सांगणारा स्थिर कुलमुखत्यार कोणी नव्हता.

अमेरिकेतील प्रकरण याहूनही बोलके आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आरोग्यविम्याचे हेल्थकेअर-डॉट-गव्ह हे संकेतस्थळ 1 ऑक्टोबर 2013 रोजी 36 राज्यांतील नागरिकांसाठी उघडले, आणि पहिल्या दिवसाअखेर ज्यांची नोंदणी पूर्ण झाली त्यांची संख्या, पुढे उघड झालेल्या अंतर्गत टिपणांनुसार, 6 होती. विम्याचे दर पाहण्यापूर्वीच प्रत्येकाने खाते उघडले पाहिजे असे ठरल्यामुळे सारी गर्दी एकाच दाराशी तुंबली. कामावर 55 ठेकेदार होते, आणि त्या सर्वांच्या कामाची सांधेजोड करण्याची जबाबदारी मेडिकेअरचा कारभार पाहणाऱ्या सरकारी संस्थेने स्वतःकडेच ठेवली होती. पण माझ्या मते या प्रकरणाचे मर्म उद्घाटनाच्या चार दिवस आधीच्या एका दस्तऐवजात आहे. व्यवस्था सुरू करण्याची परवानगी देण्यापूर्वी तिची सुरक्षिततेची तपासणी पुरी व्हावी लागते, आणि त्या संस्थेत अशी परवानगी सामान्यतः मुख्य माहिती अधिकाऱ्याच्या सहीने दिली जाई. तपासणी अपुरी राहिली होती. 27 सप्टेंबरच्या परवानगीपत्रावर सही झाली ती संस्थेच्या प्रशासक मॅरिलिन टॅव्हेनर यांची. मुख्य माहिती अधिकाऱ्याची सही होती ती, सुचविलेल्या उपायांनी व्यवस्थेचा मूळ धोका कमी होत नाही असे नमूद करणाऱ्या वेगळ्या पानावर, इतर अधिकाऱ्यांच्या जोडीला. ज्याला धोका कळत होता त्याच्याकडे धोका नोंदविण्याचा अधिकार होता, आणि काम थांबविण्याचा अखत्यार दुसरीकडे गेला होता. तज्ज्ञाला साक्षीदार करून ठेवणारा हा कारभार मला अत्यंत घातक वाटतो.

येथे पूर्वपक्षी म्हणेल की ते संकेतस्थळ अखेर वाचविले ते बाहेरून आलेल्या मोजक्या तंत्रज्ञांनीच. हे खरे आहे, आणि त्यांच्या कर्तबगारीविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु त्यांना काय दिले गेले तेही पाहावे. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीचे पाठबळ त्यांच्यामागे होते. ऑक्टोबरच्या अखेरीस एका ठेकेदाराला इतर सर्वांच्या कामाची सांधेजोड करण्याचे काम नेमून देण्यात आले. रोज सर्वांना एकत्र बसवून बिघाडांचा निकाल तेथल्या तेथे लावला जाऊ लागला. जी मुखत्यारी पदाधिकाऱ्याला शांततेच्या काळात नाकारली, तीच संकटकाळी पथकाच्या पदरात घातली गेली. म्हणजे या उदाहरणाने पद निरुपयोगी ठरत नाही. अखत्यारावाचून पद आणि अखत्यारावाचून पथक, दोन्ही सारखीच पांगळी असतात एवढेच सिद्ध होते.

दुसरा आक्षेप असा की अमेरिकेत 1996 च्या क्लिंगर-कोहेन कायद्यापासून मोठ्या खात्यांत मुख्य माहिती अधिकारी आहेतच, मग अनर्थ टळले का नाहीत? याचे उत्तर तेथील संसदेनेच दिले. डिसेंबर 2014 मध्ये तिने नवा कायदा करून संगणकीय खर्चाच्या अंदाजपत्रकाला आणि ठेक्यांना या अधिकाऱ्याची मंजुरी आवश्यक केली, म्हणजे अठरा वर्षे जे केवळ मसलतीचे पद होते त्याला प्रथमच दात दिले. आणि ऑगस्ट 2018 मध्ये तेथील महालेखा कार्यालयाने पाहणी केली तेव्हा 24 खात्यांपैकी एकाच्याही नियमावलीत या अधिकाऱ्याची कायद्याने ठरविलेली भूमिका पूर्णतः उतरलेली आढळली नाही. ज्या औषधाची मात्रा रोग्याच्या पोटात गेलीच नाही ते औषध निकामी ठरविणे हा न्याय नव्हे.

महाराष्ट्राला हा वाद परका नाही. 2017 च्या शेतकरी कर्जमाफीत संगणकावर भरलेले अर्ज आणि बँकांकडून आलेल्या याद्या यांचा मेळ बसेना, आणि दिवाळीच्या तोंडावर गाजावाजाने सुरू झालेली योजना पुढे कितीतरी दिवस याद्यांच्या छाननीत अडकून पडली. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे सेतू केंद्रातील वाक्य तर आपल्या अंगवळणी पडले आहे. ते ऐकून परतणाऱ्या मजुराचा दिवसाचा रोज बुडतो, आणि विद्यार्थ्याची प्रवेशाची मुदत टळते. हे नुकसान कोणत्याही खतावणीत चढत नाही याची मला चीड येते. आपल्याकडे 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला पदनिर्देशित अधिकारी आहे, अपिलांचे दोन अधिकारी आणि त्यांच्यावर आयोग आहे, सबळ कारणाविना विलंब करणाऱ्यास 500 ते 5000 रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद आहे. दाखल्याला उशीर झाला तर नायब तहसीलदाराला जाब विचारता येतो. दाखला ज्या यंत्रणेतून निघतो ती आठवडाभर बंद राहिली तर मात्र जाब विचारावा असा पदनिर्देशित अधिकारी कोणी नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. प्रत्येक मोठ्या खात्यात मुख्य माहिती अधिकारी नेमावा, त्याला किमान तीन वर्षे हलवू नये, त्याच्या सहीवाचून कोणतीही व्यवस्था जनतेसाठी खुली होऊ नये, आणि वरिष्ठाने ती सही ओलांडलीच तर त्याची कारणे लेखी नोंदवून सात दिवसांत विधिमंडळापुढे ठेवावीत. आणि त्याच अधिनियमात दुरुस्ती करून यंत्रणा बंद राहिल्याच्या प्रत्येक दिवसासाठी या अधिकाऱ्याला शास्तीस पात्र करावे.