दोष मुलीचा की डब्याचा?

गणेश चतुर्थीला आरती झाली आणि जेवणाची पंगत बसली. आमच्या शेजारी आमची एक जुनी विद्यार्थिनी होती. तिने केळीच्या पानावरचा मोदक उचलला, तोच मागून एक मावशी म्हणाल्या, "पुरे गं आता! अशी सुटत गेलीस तर लग्न कसं व्हायचं?" मुलीने मोदक तसाच खाली ठेवला. तिला पीसीओएस आहे, हे तिच्या आईने आम्हांला नंतर हळूच सांगितले.

वाचक बंधू-भगिनींनो, हा आजार चोरून सांगण्यासारखा नाही. १९३५ साली अमेरिकेतील शिकागो येथे स्टाईन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या तक्रारी एकत्र मांडल्या, तेव्हापासून तो वैद्यकाला ठाऊक आहे. मूल होण्याच्या वयातील शंभर स्त्रियांमध्ये ६ ते १३ जणींना तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पुष्कळ जणींचे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. मग इन्शुलिन वाढते, त्यामुळे बीजकोश पुरुषी हार्मोन जास्त तयार करतात, पाळी चुकते, वजन वाढते आणि पुढे मधुमेहाचा धोका उभा राहतो. मधुमेहाने घरोघरी ठाण मांडलेल्या आपल्या बेटावर ही गोष्ट लहान नव्हे.

याचे कारण काय? घराण्याचा वारसा मोठा आहे. पण अलीकडे शास्त्रज्ञ स्वयंपाकघराकडेही पाहू लागले आहेत. १९९८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे पॅट्रिशिया हंट या संशोधिकेच्या प्रयोगशाळेत उंदरिणींच्या बीजांत एकाएकी दोष वाढले. शोध घेता कळले की, प्लास्टिकचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकीच्या साबणाने धुतल्या गेल्या होत्या. प्लास्टिक झिजून त्यातून बीपीए हे रसायन पाझरत होते. हेच रसायन स्त्री-हार्मोनसारखे वागते, हे तर इंग्लंडमध्ये १९३६ सालीच दिसले होते! तरी पुढे त्याच्यापासून कठीण, पारदर्शक बाटल्या आणि डबाबंद अन्नाच्या टिनांचे आतील लेप बनले. २००३-०४ साली अमेरिकन सरकारने लोकांची लघवी तपासली, तेव्हा दहांपैकी नऊहून अधिक जणांत ते सापडले.

२०११ साली ग्रीसमधील डॉक्टरांनी पीसीओएस असलेल्या ७१ आणि नसलेल्या १०० स्त्रियांची तुलना केली. आजारी स्त्रियांच्या रक्तात बीपीए अधिक होते. पण आम्ही शिक्षक आहोत. अर्धे उत्तर पूर्ण म्हणून सांगणार नाही. पुरुषी हार्मोन वाढले की शरीर बीपीए हळू बाहेर टाकते, असेही असू शकते. म्हणजे आधी काय आणि मागून काय, हे अजून ठरलेले नाही.

मग गप्प बसावे काय? मुळीच नाही. अमेरिकेने २०१२ साली बाळांच्या बाटल्यांतून बीपीए काढले, तेही कारखान्यांनी वापर आपणहून सोडल्यावर. युरोपीय संघाने २०२४ च्या डिसेंबरात अन्नाला लागणाऱ्या वस्तूंतून ते काढण्याचे ठरविले. आपल्या बेटावर बहुतेक माल बाहेरून येतो. कोणत्या डब्यात काय आहे, हे घरच्या बाईने ओळखायचे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ते काम कायद्याचे आहे, आणि तशी मागणी आपण केली पाहिजे.

तोवर घरात एवढे तरी करू या. गरम डाळ, गरम चहा प्लास्टिकमध्ये ओतू नये. प्लास्टिकचा डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. आजीचा स्टीलचा डबा पुन्हा बाहेर काढावा. "बीपीए नाही" अशी चिठ्ठी पाहून भुलू नये, कारण त्याच्या जागी बहुधा त्याचेच भावंड बीपीएस घातलेले असते. पाळी सतत चुकत असेल तर मुलीला डॉक्टरकडे न्यावे. डबा बदलला म्हणून औषध, चालणे आणि आहार यांची गरज संपत नाही.

आणि सर्वांत आधी जीभ आवरावी. त्या मुलीने तिचा वारसा निवडला नाही, की बाजारातल्या बाटल्या बनविल्या नाहीत. पुढच्या चतुर्थीला तिच्या पानावर मोदक आपण स्वतःच्या हाताने वाढू या.