वास्तूचा ताळेबंद

व्यापारी घराण्यात नव्या वास्तूचा विचार सुरू झाला की दोन प्रश्न हमखास पुढे येतात. चौरस फुटाला दर काय पडेल आणि मुहूर्त कोणता? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु तितकाच महत्त्वाचा तिसरा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. ही वास्तू उभी राहिल्यावर दरमहा किती मागणार? बांधकामाचा भांडवली खर्च एकदाच होतो. विजेचा, पाण्याचा आणि डागडुजीचा महसुली खर्च मात्र वास्तू उभी आहे तोवर चालूच राहतो. बांधताना स्वस्त वाटलेले घर वापरताना महाग पडते, त्याचे कारण हेच.

पर्यावरणपूरक बांधकाम म्हणजे महागडी यंत्रसामग्री आणि श्रीमंतांची हौस, असा समज रूढ आहे. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात केलेले काम तो समज खोटा ठरवते. 1917 साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनहून परतताना जहाजाची वाट पाहत ते मुंबईत थांबले असता त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामग्रीतून बांधावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर जपला. 1945 साली ते कामासाठी भारतात आले आणि अखेर येथलेच झाले. 1990 साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

बेकर यांची पद्धत हिशेबी माणसाला सहज पटावी अशी होती. बांधकामातील प्रत्येक वस्तू खरोखर आवश्यक आहे काय, हे ते आधी तपासत. नेहमीच्या नऊ इंची भिंतीत विटा आडव्या निजवतात. बेकर यांनी त्या कडेवर उभ्या करून मध्ये पोकळी ठेवण्याची ‘रॅट-ट्रॅप बाँड’ ही पद्धत प्रचारात आणली. तिच्यामुळे सुमारे 25 टक्के विटा वाचतात, शिवाय पोकळीतील हवा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट फारसे भार पेलत नाही, हे ओळखून तेथे जुनी मंगलोरी कौले बसवण्याची रीतही त्यांनी रूढ केली. सिमेंट वाचले, छताचे वजन घटले आणि टाकाऊ कौले कामी आली.

तिरुवनंतपुरम येथील बसस्थानकाजवळचे त्यांचे इंडियन कॉफी हाऊस तर व्यवसायासाठीच बांधलेले आहे. लाल विटांच्या या वर्तुळाकार इमारतीत चढणीचा मार्ग गोल फिरत वर जातो. मेज आणि बाके बांधकामातच घडवलेली आहेत, आणि भिंतीतल्या झरोक्यांतून वारा व उजेड आत येतो.

अर्थात केरळची जाळी जशीच्या तशी विदर्भ-मराठवाड्यात आणून चालणार नाही. दमट हवेत वारा खेळता हवा. कोरड्या उन्हात मात्र दुपारची झळ बाहेर ठेवणे महत्त्वाचे. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, चौक आणि सावलीच्या पडव्या याच गरजेतून आल्या. वाडा पाडून त्या जागी पश्चिमेकडे तोंड असलेली काचेची इमारत उभी केली की दुपारचे ऊन आत कोंडले जाते, आणि ते हटवण्यासाठी वातानुकूलन यंत्र अखंड चालवावे लागते. दुकान विकतच्या गारव्यात असते; त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर तापलेल्या छताखाली घरातील वृद्ध आणि मुले दुपार काढतात. ही झळ कोणत्याही खतावणीत नोंदली जात नाही.

हिशेब मात्र साधा आहे. उदाहरणादाखल, छतावरील उष्णतारोधक थरासाठी 60,000 रुपये अधिक लागले आणि त्यामुळे वर्षाकाठी 10,000 रुपयांची वीज वाचली, असे धरू. सहा वर्षांत मुद्दल वसूल होते. त्यापुढील बचत निव्वळ लाभाची. विजेचे दर वाढले तर हा काळ आणखी कमी होतो.

यात सावधगिरीही हवी. पोकळ भिंतीला चांगल्या, सारख्या मापाच्या विटा आणि ते काम जाणणारा गवंडी लागतो. स्लॅबमधील बदल अभियंत्याच्या आकडेमोडीवाचून करू नयेत. म्हणून नकाशा ठरवतानाच वास्तुविशारदाला काही प्रश्न अवश्य विचारावेत. पश्चिमेचे ऊन कोठे अडेल? दिवसा दिव्यावाचून किती खोल्या वापरता येतील? छतावरचे पावसाचे पाणी कोठे साठेल? जुन्या घराचे सागवान, दगड आणि कौले यांतील काय पुन्हा वापरता येईल? नकाशा मंजुरीस जाण्यापूर्वी हे प्रश्न विचारायला पैसा पडत नाही. स्लॅब पडल्यानंतर मात्र त्यांची उत्तरे दरमहा देयकातून चुकवावी लागतात.